घरातला दुसरा माणूस: सायकोसिस, व्यसन आणि सांभाळणारे

(हा आपल्या भागाचा लिखित मजकूर. बोलतानाची भाषा बरीचशी तशीच ठेवली आहे. हेडफोन नसेल, किंवा घरात कुणी ऐकू नये असं वाटत असेल, तर वाचून घ्या.)

आजचा भाग आजारी माणसाबद्दल नाही. त्याच्या शेजारी अंथरूण घालणाऱ्या माणसाबद्दल आहे. रात्री तीनला दाराची कडी वाजली की ज्याला आधी जाग येते, तो किंवा ती.

समजा, नालासोपारा पूर्वेला एक वन रूम किचन आहे. आई, वडील, मोठा दादा आणि धाकटी बहीण. दादा सव्वीसचा. आधी मित्रांबरोबर गांजा, मग क्वार्टर, मग दोन्ही. दीड वर्षापूर्वी तो म्हणायला लागला की शेजारचे भिंतीतून त्याच्याबद्दल बोलतात. मग त्याने फोनमधलं सिम काढून टाकलं, कारण कुणीतरी ऐकतंय. बहीण अंधेरीला नोकरी करते, सकाळी सातची लोकल पकडते आणि रात्री नऊला परत येते. आई दिवसभर घरात, त्याच्याबरोबर. हे घर मी कल्पनेतलं घेतलंय, पण विरारपासून नायगावपर्यंत कुठल्याही सोसायटीत ते शोधायला फार मजले चढावे लागणार नाहीत.

आता हे कुटुंब मदत मागायला निघतं तेव्हा काय होतं? मानसोपचाराच्या ओपीडीत कुणी म्हणतं, आधी त्याची दारू सोडवा, मग बघू. व्यसनमुक्ती केंद्रात कुणी म्हणतं, हा मेंटल केस आहे, आमच्याकडे नाही घेत. दोन दारं, आणि मधल्या पॅसेजमध्ये आई फाइल घेऊन उभी. या भागात जे काही सांगणार आहे ते या पॅसेजमधल्या माणसासाठी आहे.

आधी आजार थोडक्यात, कारण तो कळला नाही तर त्याच्यावर ओरडणं थांबत नाही. सायकोसिस म्हणजे मनाची अशी अवस्था, जिच्यात खरं काय आणि आपल्याला वाटतं काय, यातली सीमा पुसली जाते. नसलेले आवाज ऐकू येतात, म्हणजे भास. किंवा एखादा संशय इतका घट्ट बसतो की कितीही पुरावा द्या, तो हलत नाही. स्किझोफ्रेनियात असं होतं, बायपोलरमध्ये होऊ शकतं, नशेमुळेही होऊ शकतं. आणि ही दोन्ही दुखणी एकाच माणसात असणं अजिबात दुर्मीळ नाही. अमेरिकेत १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात स्किझोफ्रेनिया असलेल्यांपैकी ४७ टक्के लोकांना आयुष्यात कधी ना कधी दारू किंवा ड्रग्जचा विकारही झालेला होता. जवळजवळ निम्मे. म्हणजे 'आमच्याकडे हे दोन्ही नाही चालत' असं म्हणणारी व्यवस्था निम्म्या पेशंटना दारातूनच परत पाठवते.

गांजा जास्त आणि लहान वयात ओढला तर सायकोसिसचा धोका वाढतो, हे आता अनेक देशांतल्या अभ्यासांनी दाखवलंय. एमडी, म्हणजे मेफेड्रॉन, हे उत्तेजक आहे. त्याने झोप उडते, संशय वाढतो, भास होऊ शकतात. ही गोष्ट आपल्यापासून लांबची नाही. २०२२ च्या ऑगस्टमध्ये मुंबई पोलिसांच्या अमली पदार्थविरोधी पथकाने नालासोपाऱ्यातूनच ७०० किलोच्या वर एमडी पकडली होती, बाजारातली किंमत साधारण १४०० कोटी सांगितली गेली.

आणि दारूबद्दल एक गोष्ट नीट ऐका, कारण इथे जीव जातो. रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम दारू बंद केली तर दोन-तीन दिवसांत हात थरथरणं, घाम, फिट येणं, आणि मग भिंतीवर किडे दिसणं, नसलेली माणसं दिसणं असं होऊ शकतं. घरच्यांना वाटतं वेड लागलं, किंवा बाहेरचं काही लागलं. ही मेडिकल इमर्जन्सी आहे. याला खोलीत कोंडायचं नसतं, १०८ ला फोन करून हॉस्पिटलात न्यायचं असतं. 'उद्यापासून घरात एक थेंब नाही' ही शपथ डॉक्टरला विचारून घ्यावी.

विडी-सिगारेटचंही एक सांगतो, फार जण सांगत नाहीत. ओलान्झापिन, क्लोझापिन ही औषधं धूम्रपान करणाऱ्याच्या शरीरातून लवकर बाहेर पडतात. म्हणजे दादाने विड्या अचानक सोडल्या किंवा एकदम वाढवल्या तर डोस बदलावा लागू शकतो. डॉक्टरला सांगा. विडीला कुणी व्यसन धरत नाही म्हणून हे राहून जातं.

आता मुख्य मुद्द्यावर येतो. १९५० च्या दशकात लंडनमध्ये जॉर्ज ब्राउन नावाचा संशोधक एक साधा प्रश्न घेऊन बसला होता: मनोरुग्णालयातून बरे होऊन घरी गेलेले काही जण परत आजारी पडतात, काही नाही, असं का? त्याला दिसलं की आईवडिलांकडे किंवा बायकोकडे परत गेलेले पुरुष जास्त वेळा आजारी पडतात, आणि भाड्याच्या खोलीत किंवा भावंडांकडे राहायला गेलेले त्या मानाने कमी. विचित्र ना? प्रेमाच्या घरात जास्त त्रास!

पुढच्या वीस वर्षांत हे अधिक बारकाईने तपासलं गेलं. त्रास प्रेमाने होत नव्हता. त्रास होत होता तो सततच्या टोमण्यांनी, घरातल्या रागाने, आणि जिला आपण काळजी म्हणतो त्या चोवीस तासांच्या पहाऱ्याने. असं वातावरण असलेल्या घरांत नऊ महिन्यांत ५१ टक्के लोकांचा आजार उलटला. शांत घरांत १३ टक्क्यांचा. आणि यात एक आकडा आला, जो मला वसई-विरारच्या संदर्भात फार महत्त्वाचा वाटतो: आठवड्याला ३५ तास. तापलेल्या घरात पेशंट आणि घरचे एकमेकांसमोर आठवड्याला ३५ तासांपेक्षा कमी होते, तर धोका बराच खाली येत होता. गोळ्या चालू असतील तर आणखी खाली.

आता आपला हिशोब करू. आठवड्याचे तास १६८. बहिणीचे सहा दिवस लोकल आणि ऑफिसमध्ये जातात. झोप वजा केली तर दादासमोर ती आठवड्याला जेमतेम वीस-पंचवीस तास असते. विरार लोकलला आपण शिव्या घालतो, पण या एका बाबतीत तिने बहिणीला वाचवलंय. आईचं काय? आई त्याच्यासमोर शंभर तास. तीनशे चौरस फुटांत. बाल्कनी नाही, दुसरी खोली नाही, त्याच्या ग्लासचा आवाज, हिच्या उसाशाचा आवाज, सगळं एकमेकांना ऐकू येतं.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. १९८७ मध्ये चंदीगडमधला असाच अभ्यास प्रसिद्ध झाला, तेव्हा तिथल्या नातेवाइकांपैकी जेमतेम चौथा हिस्सा त्या 'तापलेल्या' गटात निघाला, लंडनपेक्षा निम्म्याहून कमी. भारतीय कुटुंबं पेशंटला जास्त सांभाळून घेतात, असा त्याचा एक अर्थ काढला जातो. मला त्यात पूर्ण समाधान वाटत नाही. त्यातली बरीच घरं खेड्यातली, मोठ्या कुटुंबांची होती. अंगण होतं, काका होता, शेत होतं. रागाला पांगायला जागा होती. आपण गावाकडून नालासोपाऱ्याला आलो तेव्हा माया बरोबर आणली, जागा नाही आणता आली.

म्हणून सांभाळणाऱ्याला आधार द्या म्हटलं की लोक 'हिंमत ठेव', 'देवावर भरवसा ठेव' म्हणतात, त्याने फारसं काही होत नाही. पहिला आधार म्हणजे तास. आईला आठवड्यातून दोनदा चार-चार तास घराबाहेर मिळाले पाहिजेत, आणि तेव्हा तिच्या जागी कुणीतरी असलं पाहिजे. मावशी, चुलतभाऊ, चर्चमधली किंवा भजनी मंडळातली विश्वासाची बाई, वडील, किंवा तुम्ही. रविवारी तुम्ही पहिले चार तास घ्या आणि आईला सुरूच्या बागेकडे, अर्नाळ्याला, बहिणीकडे, कुठेही पाठवा. ती नको म्हणेल. 'मी गेले आणि काही झालं तर?' म्हणेल. पहिल्यांदा एकच तास पाठवा. दादालाही तास हवेत. तो स्थिर असेल तर रोज ठरलेल्या वेळी बाहेरचं एखादं साधं काम: दूध आणणं, वसईच्या किल्ल्यापर्यंत चालणं, मामाच्या दुकानात दोन तास बसणं. त्याला 'कामाला लावणं' नव्हे, घराला श्वास देणं.

दुसरी गोष्ट बोलण्याची. 'बाबांनी घाम गाळून शिकवलं आणि तू असा' हे वाक्य खरं असेल, पण ते आजाराला खतपाणी आहे. त्याऐवजी छोटं आणि आत्ताचं बोला. 'भिंतीतून कुणी बोलत नाही रे, वेड्यासारखं करू नकोस' याच्या जागी: 'मला तो आवाज ऐकू येत नाही दादा, पण तुला भीती वाटतेय हे दिसतंय. मी इथेच आहे.' त्याच्या भासाला हो म्हणायचं नाही, आणि कोर्टात असल्यासारखं खोटंही पाडायचं नाही. मध्ये एक अरुंद जागा असते, तिथे उभं राहायचं. प्यायलेला असताना तर कुठलीच चर्चा नाही. ती सकाळी.

आता 'कडक वागा' पंथाकडे. व्यसनाबद्दल आपल्याकडे जुनं मत आहे की माणसाला तळ गाठू द्यावा, घराबाहेर काढावं, मग आपोआप सुधारतो. नुसत्या दारूबाबतही मला हे पटत नाही, आणि सायकोसिस असलेल्या माणसाला तर अजिबातच लागू नाही. त्याचा तळ म्हणजे रेल्वे रूळ. किंवा सहा महिने बेपत्ता. अमेरिकेत १९९९ मध्ये एक तुलना प्रसिद्ध झाली. पिणारा माणूस उपचाराला नाही म्हणतो, अशा १३० कुटुंबीयांना तीन वेगवेगळ्या पद्धतींनी मदत केली. एका गटाला सांगितलं, तुम्ही त्याच्यापासून मनाने अलिप्त व्हा. त्यांच्यातले १३ टक्के पिणारे उपचाराला आले. दुसऱ्या गटाने सगळे नातेवाईक जमवून समोरासमोर जाब विचारायचा होता. ३० टक्के आले. तिसऱ्या गटाला शिकवलं की तो प्यायलेला नसेल तेव्हा त्याच्याबरोबर चांगला वेळ घालवा, प्यायलेला असेल तेव्हा शांतपणे बाजूला व्हा, त्याच्या नशेचे परिणाम झाकू नका, योग्य क्षण बघून उपचाराचं विचारा, आणि स्वतःचं आयुष्य बंद पाडू नका. त्यांच्यातले ६४ टक्के आले. घरातली माणसं काहीच करू शकत नाहीत, हे खरं नाही. फक्त ती कुस्ती नाही.

परिणाम झाकू नका म्हणजे? 'दादाला ताप आहे' असं त्याच्या सुपरवायझरला सांगणारा फोन तुम्ही करायचा नाही. बारची उधारी आईने मंगळसूत्र ठेवून फेडायची नाही. पण जेवण, औषध, डोक्यावर छप्पर यांचा सौदा करायचा नाही. दोन्ही आजार असलेल्या माणसाबाबत ही रेघ थोडी वेगळी पडते. त्याने गोळी चुकवली तर ते 'परिणाम भोग' प्रकरण नसतं. नशा झाली म्हणून मनाच्या आजाराची गोळी स्वतःहून बंद करायची नाही. काय करायचं ते डॉक्टरला आधीच विचारून ठेवायचं.

लोकलच्या डब्यात आणि स्टेशनबाहेरच्या भिंतींवर ती जाहिरात तुम्ही पाहिली असेल: 'नकळत दारू सोडवा'. हताश आईसाठीच लिहिलेली असते ती. त्या पुडीत काय आहे हे कुणालाच माहीत नसतं. दारू सोडवायचं एक खरं औषध आहे, डायसल्फिरॅम. ते घेतलेल्या माणसाने दारू प्यायली की जोरदार प्रतिक्रिया येते, बीपी कोसळू शकतं. म्हणून ते फक्त माहिती देऊन, संमतीनेच द्यायचं असतं. शिवाय त्याने सायकोसिस वाढू शकतो. आमटीत कालवून दिलं आणि तो बाहेर जाऊन प्यायला, तर? आणि ज्याला आधीच वाटतंय की घरचे माझ्यावर विष घालतायत, त्याला एक दिवस ताटात खरंच पावडर सापडली, तर पुढची कितीतरी वर्षं तो तुमच्या हातचं खाणार नाही. तो गोळ्या टाळत असेल तर डॉक्टरला महिन्यातून एकदा घ्यायच्या इंजेक्शनबद्दल विचारा. ते त्याच्याशी बोलून देता येतं, आणि रोजचं 'गोळी घेतलीस का?' हे भांडण घरातून जातं.

'लग्न करून द्या, जबाबदारी आली की सुधारेल' हे अजून एक. याने आजार जात नाही. फक्त एक नवी शुभंकर तयार होते, जिला कुणी काही सांगितलेलं नसतं.

शुभंकर हा शब्द नवा वाटला असेल. पुण्याकडच्या स्वमदत गटांमध्ये पेशंटला 'शुभार्थी' आणि सांभाळणाऱ्याला 'शुभंकर' म्हणायची पद्धत आहे. हे शब्द मला 'केअरगिव्हर'पेक्षा आवडतात, कारण यात एक जण मालक आणि दुसरा ओझं असं नाही. तिथली स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन १९९७ मध्ये सुरू झाली, डॉ. जगन्नाथ वाणी यांच्या पुढाकाराने. वाणी मूळचे धुळ्याकडचे, कॅनडात कॅलगरीच्या विद्यापीठात प्राध्यापक. त्यांच्या पत्नीला स्किझोफ्रेनिया होता. म्हणजे संस्था काढणारा माणूस स्वतः शुभंकर. 'देवराई' हा २००४ चा सुमित्रा भावे-सुनील सुकथनकरांचा चित्रपट, त्यामागेही वाणींची धडपड होती. लोकांना त्यातला अतुल कुलकर्णी आठवतो. तुम्ही परत बघाल तेव्हा सोनाली कुलकर्णीने केलेल्या बहिणीकडे बघा. तिचं घर, तिचा संसार, आणि दाराशी आलेला भाऊ. आजच्या भागातली बहीण ती आहे.

व्यसनाच्या बाजूने बघितलं तर वसईत कृपा फाउंडेशनचं केंद्र आहे. फादर जो परेरा यांनी १९८१ मध्ये वांद्र्याच्या माउंट कार्मेल चर्चमधून हे काम सुरू केलं, ते बी. के. एस. अय्यंगार यांचे शिष्य, म्हणून त्यांच्याकडे योगावर भर असतो. पुण्याचं मुक्तांगण १९८६ चं, डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी उभं केलेलं. तिथे पत्नींसाठी 'सहचरी' हा गट चालतो. पिणाऱ्यांच्या घरच्यांसाठी अल-अनॉनच्या सभा असतात, किशोरवयीन मुलांसाठी अलाटीनच्या. या सभा बऱ्याचदा चर्च किंवा शाळेच्या खोल्यांत भरतात, पण कुठल्याही धर्माचा माणूस जाऊ शकतो, फी नसते, नाव सांगावं लागत नाही. मघाशी मी अलिप्ततेचा १३ टक्के आकडा सांगितला, तो अल-अनॉनच्या वाटेचाच होता. पण त्या सभांचा हेतू पिणाऱ्याला उपचाराला आणणं हा नाहीच. हेतू आहे की तुम्ही कोसळू नये. त्यासाठी जावं. कुठल्याही केंद्रात दाखल करण्याआधी मात्र एक प्रश्न विचारा: तुमच्याकडे सायकियाट्रिस्ट येतात का, आणि दादाच्या मनाच्या गोळ्या तुम्ही चालू ठेवाल का? उत्तर गोलमाल आलं तर पुढे चला.

सरकारी वाटेने ठाण्याचं प्रादेशिक मनोरुग्णालय, १९०१ पासूनचं. वसईकरांसाठी अडचण अंतराची आहे. दादरला उतरून सेंट्रलची गाडी, किंवा दिवा गाडीची वाट बघा, किंवा घोडबंदरवरून बस. अस्वस्थ माणसाला घेऊन हा प्रवास म्हणजे अख्खा दिवस, आणि ज्याने सुट्टी टाकली त्याचा पगार. पहिल्या तपासणीनंतर पुढची औषधं घराजवळच्या सरकारी रुग्णालयातून मिळतील का, हे तिथेच विचारून घ्या.

उपचार घराकडे आणता येतो का? याचा प्रयोग महाराष्ट्रात झालाय. सातारा, गोवा आणि तमिळनाडू अशा तीन ठिकाणी स्किझोफ्रेनिया असलेल्या २८२ लोकांवर एक अभ्यास झाला, २०१४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आला. गावातल्याच साध्या माणसांना प्रशिक्षण देऊन घरोघरी पाठवलं: गोळ्यांबद्दल बोलणं, घरच्यांना आजार समजावणं, कामाकडे परत नेणं. नुसत्या दवाखान्यातल्या उपचारापेक्षा याचा परिणाम थोडा चांगला दिसला. थोडाच, पण ते सगळं डॉक्टरांनी नाही, शेजारच्या माणसांनी केलं होतं. साताऱ्यात यात परिवर्तन ही संस्था होती, जी मुळात व्यसनमुक्तीचं काम करते. दोन दारं एका घराची असू शकतात, ती अशी.

आता कायदा, कारण याच्या अभावी लोक फार फसतात. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ चा, लागू झाला २०१८ मध्ये. त्याच्या मानसिक आजाराच्या व्याख्येतच दारू आणि ड्रग्जमुळे होणाऱ्या मानसिक अवस्था धरलेल्या आहेत. पहिलं काम: दादा बरा असेल अशा दिवशी, साध्या कागदावर, त्याच्या सहीने किंवा अंगठ्याने, 'माझा नामनिर्देशित प्रतिनिधी अमुक' असं लिहून घ्या. स्टॅम्प पेपर लागत नाही. प्रतिनिधी अठरा वर्षांच्या पुढचा हवा, म्हणजे तुम्हीही चालाल. त्याला हे कधीही बदलता येतं, हेही त्याला सांगा. या कागदाने डॉक्टर तुमच्याशी उपचाराबद्दल मोकळेपणाने बोलू शकतात, आणि वेळ आली तर दाखल करण्याचा अर्ज तुम्ही करू शकता. त्याची इच्छा नसताना दाखल करणं सहज होत नाही, आणि होऊही नये: त्याच्याकडून स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा होण्याचा धोका, किंवा स्वतःची काळजीच घेता येत नाही अशी अवस्था, असं काही हवं. दोन तज्ज्ञांनी वेगवेगळं तपासायला हवं, आणि मुदत तीस दिवसांपर्यंत. जिवावर बेतलं असेल तर कुठलाही नोंदणीकृत डॉक्टर बहात्तर तासांपर्यंत तातडीचा उपचार करू शकतो. पोलिसांनी अशा माणसाला ताब्यात घेतलं तर चोवीस तासांत सरकारी आरोग्य केंद्रात न्यायचं असतं, लॉकअपमध्ये ठेवायचं नसतं. गाडी घेऊन येऊन चार जण उचलून नेतात आणि सहा महिने भेटू देत नाहीत, अशा केंद्राला या कायद्यात जागा नाही. साखळीने बांधायला तर नाहीच.

'ड्रग्जचं सांगितलं तर केस होईल' या भीतीने कितीतरी घरं गप्प बसतात. एनडीपीएस कायद्याच्या ६४अ कलमात, सेवनाच्या किंवा अगदी थोडा माल जवळ असण्याच्या प्रकरणात माणूस स्वतःहून सरकारमान्य ठिकाणी उपचार घ्यायला तयार झाला तर खटल्यापासून संरक्षण आहे. उपचार मात्र पूर्ण करावा लागतो. केस झालीच असेल तर वकिलाला हे कलम विचारा.

भगताबद्दल. आईचा नवस मोडू नका, मोतमावलीला जायचं तर जाऊ द्या, फक्त गोळी चुकू देऊ नका. पण भूत काढतो म्हणून मारहाण करणं, बांधून ठेवणं हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे.

आणि हात उगारला गेला तर? तेव्हा समजावत बसू नका. दार, चप्पल, फोन. बाहेर पडा, शेजाऱ्यांकडे जा, ११२ लावा, आणि 'पेशंट आहे, औषध चालू आहे' हे पहिल्याच वाक्यात सांगा. आजार हे मार खाण्याचं कारण होऊ शकत नाही. बायकोसाठीही नाही, आईसाठीही नाही. महिलांसाठी १८१ आहे. सुऱ्या, फिनेल, उरलेल्या गोळ्यांची पाकिटं आधीच आवरून ठेवा. उलटण्याच्या खुणा बहुतेक वेळा आधी दिसतात: झोप कमी होते, अंघोळ बंद होते, सिम परत निघतं, कडी सारखी तपासली जाते. फोनमध्ये एक फोल्डर करा. प्रिस्क्रिप्शनचे फोटो, कधी काय बदललं, झोप किती झाली. डॉक्टरसमोर आपल्याला पाच मिनिटं मिळतात, त्यात आठवून सांगता येत नाही.

शेवटचं, जे कुणी मोठ्याने बोलत नाही. ज्या रात्री तो उशिरापर्यंत आला नाही, त्या रात्री तुमच्या मनात क्षणभर आलं असेल की नाही आला तर बरं. आणि मग स्वतःचीच किळस वाटली असेल. हा विचार दमलेल्या माणसाला येतो. तो आला म्हणून तुमची माया खोटी ठरत नाही, पण तो वारंवार यायला लागला, भूक मेली, स्वतःला संपवावंसं वाटलं, तर आता पेशंट तुम्ही आहात. टेली-मानसचा नंबर १४४१६. ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, चोवीस तास, फुकट, मराठीत बोलता येतं. व्यसनासाठी १४४४६. घरात बोलता येत नसेल तर प्लॅटफॉर्मच्या टोकाला उभं राहून करा, दोन लोकल सोडा. काय बोलायचं सुचत नसेल तर एवढंच म्हणा: 'माझ्या भावाला आजार आहे, पण फोन मी माझ्यासाठी केलाय.'